रिम्माचं पहिलं मेज

अलाय बाजारात मी अठ्ठेचाळीस वर्षं गाजरं चिरते आहे. पुलावाचं पिवळं गाजर, सुरीनं, काडीसारखं. किसणीला मी हात लावत नाही. किसणी असते माझ्या समोरच्या फळीवर, रिम्मा युगायकडे. रिम्मा कोरियन, पण जन्म ताश्कंदचाच. तांबडं गाजर लांब लांब किसायचं, मीठ-व्हिनेगर लावून चुरायचं, वर लसूण, धणे, लाल तिखट आणि धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल ओतायचं. तिच्या हातची ही कोशिंबीर अख्खं ताश्कंद खातं.

"माझं गाजर लग्नात जातं, तुझं दारूच्या बाटलीशेजारी," असं मी तिला म्हणते.

"ओपा, तुमचं गाजर भाताखाली गाडतात. माझं वर मिरवतं," असं ती म्हणते.

ओपा म्हणजे मोठी बहीण. मी अडुसष्ट वर्षांची, ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. अशी तोंडाला तोंड देत आमची पस्तीस वर्षं गेली.

मी सून म्हणून इथं आले तेव्हा बाजाराला छप्पर थोडं आणि धूळ फार होती. सकाळी नानवाले डोक्यावर नानांची चवड घेऊन यायचे आणि "पोश! पोश!" ओरडत वाट काढायचे, बाजूला झाला नाहीत तर कपाळाला गरम नान लागायचा. मांस भरलेल्या समसाच्या तंदुरापाशी बायका उगाच रेंगाळायच्या, वास फुकट म्हणून. रमजानात निशाल्दावाला यायचा. अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेच्या पाकाचा तो फेस एवढा घट्ट असायचा, की वाडगा उलटा केला तरी पडायचा नाही. माझ्या नवऱ्यानं एकदा पैजेवर आपल्याच डोक्यावर उलटा धरला होता. पडला नाही. दुसऱ्यांदा पडला. आता बाजारात काचा आहेत, फरशी आहे, गाजराच्या फळीवर दिवे आहेत. स्वच्छ आहे, नाही कसं म्हणू? पण इस्पितळात भाजी विकायला बसल्यासारखं वाटतं. कुणी ओरडत नाही. ओरडल्याशिवाय गाजर खपतं हे मला अजून पटलेलं नाही.

मार्च महिन्यातली गोष्ट. रिम्माचा मुलगा आर्तुर कोरियात कारखान्यात आहे. त्याचा फोन आला की ती मोठ्या आवाजावर लावून किसत राहते, म्हणून आम्हा सगळ्यांनाच त्याचं सगळं माहीत असतं.

"आई, तिकिटं काढली. सव्वीस एप्रिलला साठ पुरी होतात तुला. हॉल सांगून ठेवलाय. शंभर माणसं."

"रद्द कर."

"काय?"

"रद्द कर म्हटलं. बायकोपोरींना घेऊन ये, घरी जेवू. मेज मांडायचं नाही." आणि तिनं फोन बंद केला. मग तिनं अंगठा किसला. पस्तीस वर्षांत तिला मी बोट किसताना पाहिलं नव्हतं.

मी माझी सुरी ठेवली आणि फळीला वळसा घालून तिच्याकडे गेले. "मेज मांडायचं नाही म्हणजे? वैद्यानं पथ्य सांगितलंय का?"

"मला चालत नाही, ओपा."

अंगठ्याला चिंधी बांधता बांधता तिनं सांगितलं. त्यांच्यात माणसाला आयुष्यात तीन मेजं मिळतात. पहिलं वर्षाचं झाल्यावर, दुसरं लग्नात, तिसरं साठीला. पहिलं मेज आईबाप मांडतात, तेही दुपारच्या आत. त्यावर भाताच्या चिकट लोळ्या, दोरा, कात्री, पुस्तक असं ठेवतात आणि मूल काय उचलतं ते पाहतात. ते मेज मिळालं नाही, तर पुढची दोन्ही मिळत नाहीत. पायाच नाही, तर भिंत कुठं घालणार?

"म्हणून तू लग्न तसं केलंस?"

"नोंदणी कचेरीत सह्या केल्या आणि दोघांनी एकेक वाडगा शेवयांचं लगमन खाल्लं. सासू वर्षभर बोलली नाही."

माझा चेहरा गोरामोरा झाला. लग्नात कुणाला बोलावलं नाही म्हणून ही बाई चिक्कू आहे असं मी अर्ध्या बाजाराला सांगून मोकळी झाले होते.

"आणि तुझं पहिलं मेज का झालं नाही?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काहीतरी मूर्खासारखं विचारलंय. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. ती जन्मली पासष्ट सालच्या सव्वीस एप्रिलला. सहासष्टच्या सव्वीस एप्रिलला, पहाटे पाच वाजून तेवीस मिनिटांनी, ताश्कंद हललं. आणि त्यांचं घर होतं काशगारकात, जिथं सगळ्यात जास्त हललं.

"आई मी चार वर्षांची असताना गेली," रिम्मा म्हणाली. "बाबा मुळात बोलायचे नाहीत. क्लारानं मला वाढवलं. लहानपणी विचारलं की ती म्हणायची, मेज झालं नाही, त्या दिवशी तुझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता? शाळेत पोरं भूकंपाची पोर म्हणायची. त्याचं मला काही नाही, ओपा. मला एवढंच कळायला हवं होतं, की कुणी माझ्यासाठी आदल्या दिवशी तांदूळ तरी भिजत घातला होता का."

साठ वर्षांची बाई, दोन नातींची आजी, आणि तिच्या पोटात हे एवढंसं बसलं होतं. मला रडू आलं आणि रागही आला. राग आला की मला काहीतरी करावं लागतं, आणि घाईनं केलेलं माझं कधी सरळ होत नाही.

मी गेले एर्गाशकडे. हा आमचा कुर्तवाला, एकोणऐंशी वर्षांचा. दह्याच्या खारट गोळ्या विकतो आणि थापा फुकट देतो. त्याला सांगितलं, की तू रिम्माकडे जायचं आणि म्हणायचं, मी तेव्हा काशगारकात होतो, तुझं पहिलं मेज मी डोळ्यांनी पाहिलं. दोन पेले चहा कबूल केला. तो लगेच टोपी सरळ करून निघाला.

"पोरी," तो रिम्माला म्हणाला, "तुझ्या मेजावर मी जेवलोय."

रिम्माच्या हातातला चमचा थांबला. "खरं, एर्गाश-अका? काय होतं जेवायला?"

"काय म्हणजे? पुलाव!"

"कोरियन घरी? वर्षाच्या मेजावर? पुलाव?"

एर्गाशनं माझ्याकडे पाहिलं. मी गाजराकडे पाहिलं. "माशाचा पुलाव," तो म्हणाला.

आजूबाजूचे हसले. रिम्मा हसली नाही. तिनं माल फडक्यानं झाकला आणि भर दुपारी घरी गेली. पुढचे दोन दिवस ती मला झुमराद-खानिम म्हणत होती, कचेरीतल्या बाईला म्हणावं तसं. तिसऱ्या दिवशी मी गाजरांची पिशवी तिच्या फळीवर ठेवली आणि म्हटलं, "चुकलं माझं. शिव्या दे, पण खानिम म्हणू नकोस."

"चेष्टेला दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला?"

"चेष्टा नव्हती. तुला मेज मिळावं म्हणून केलं."

"खोट्या मेजावर बसू मी? माझ्या मेलेल्या आईला खोटं पाडून?"

त्या दिवसापासून मी खरं शोधायला लागले. दुसरं काही नाही, फळीवर येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या डोक्याला मी विचारायचे, "भूकंपाच्या साली कुठं राहायचा तुम्ही?"

एक गोष्ट मला तेव्हा कळली. भूकंपाचं विचारलं की लोक जेवणाचं सांगतात. निवृत्त इंजिनियर होते एक, कोटबिट घालून येणारे; ते म्हणाले, सैनिकांच्या गाडीवरची ती गव्हाची लापशी, तशी पुन्हा मिळाली नाही, बायकोला चाळीस वर्षं सांगतोय, तिला जमत नाही. बायको शेजारीच होती. ती म्हणाली, लापशी तीच आहे, भूक नाहीये. एका बाईनं सांगितलं, त्यांच्या गल्लीत ट्रामच्या रुळांमध्ये चूल मांडून पुलाव केला, कारण ट्राम त्या दिवशी कुठं येणार होती? कुणी म्हणे हिरव्या जर्दाळूंना मीठ लावून खाल्लं. कुणी म्हणे तंबूत राहायला मिळालं म्हणून आम्ही पोरं खूशच होतो, सगळ्या देशांची भांडी एका रांगेत चुलीवर. मी स्वतः तेव्हा नऊ वर्षांची होते, जुन्या शहरात. मला आठवते ती आई दूध तापवताना. दूध वर यायचं, जमीन हलायची, दूध सांडायचं. तीनदा झालं. चौथ्यांदा आईनं पातेलंच उचलून आम्हाला कच्चं दूध पाजलं आणि जमिनीला एक शिवी दिली. तिच्या तोंडून मी ऐकलेली ती एकच शिवी.

ऐकायला हे सगळं मला इतकं बरं वाटायचं, की गिऱ्हाईक खोळंबायचं. पण कोरियन मेज कुणी पाहिलं नव्हतं. काशगारका तर भूकंपानंतर पाडूनच टाकलं, तिथली माणसं शहरभर नव्या वस्त्यांत पांगली. तीन आठवडे गेले. आर्तुरचे फोन येत होते, हॉलवाला पक्कं की नाही विचारत होता, आणि रिम्मा नाहीच म्हणत होती.

मग एका शनिवारी एक बाई अर्धा किलो गाजर घेताना म्हणाली, "आमच्या सासूबाई काशगारकातल्या. तातार आहेत. ट्राममध्ये तिकिटं फाडायच्या. शहाऐंशी वर्षांच्या झाल्या, पाय गेलेत. तोंड गेलेलं नाही."

"घरी येऊ का भेटायला?"

"या की. मला तेवढाच आराम."

या वेळी मी कुणाला काही पढवलं नाही. रिम्माला म्हटलं, एका म्हातारीकडे जाऊ, काशगारकातली आहे, निघालं तर निघालं. म्हातारीच्या सुनेला म्हटलं, माझ्याबरोबर एक मैत्रीण आहे, बस्स. नाव सांगितलं नाही, काम सांगितलं नाही. एर्गाशच्या माशाच्या पुलावानं मला एवढं शहाणपण दिलं होतं.

चिलांझार वस्तीतल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, नैल्या-आपा खिडकीपाशी बसली होती. बारीक, नाक सरळ, अंगावर इस्त्रीचा झगा. सुनेनं चहा ठेवला. मी विचारलं, "आपा, तुमच्या अंगणात कोण कोण राहायचं?"

"तुम्ही काय सरकारी आहात?"

"गाजरवाली आहे."

"मग ठीक." तिनं बोटं मोडायला सुरुवात केली. "आम्ही. शेजारी उझबेक चांभार, त्याला सात पोरं. पलीकडे बुखारी यहुदी न्हावी, इल्यो. एक रशियन नर्स, नवऱ्याशी भांडून आलेली. आणि कोपऱ्यात ओल्गा, कोरियन. दोन मुली तिला. नवरा वसंतात जायचा तो कांद्याच्या शेतावर, पार थंडीला यायचा."

रिम्मानं चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला. तिच्या आईचं कोरियन नाव वेगळं होतं, पण शेजारपाजारचे तिला ओल्गा म्हणायचे.

"भूकंपाच्या सकाळी काय झालं, आपा?" मी विचारलं.

"काय व्हायचं? सगळे झोपेच्या कपड्यांत गल्लीत. चांभार पोरं मोजतोय, सहाच भरतायत, सातवं त्याच्याच खांद्यावर. ओल्गा दोन्ही मुलींना घेऊन बाहेर आली. धाकटीला तिनं मोठीच्या हातात दिलं आणि परत आत पळाली. मी ओरडले, अगं मूर्ख बाई, छत येईल! मला वाटलं कागदपत्रं आणायला गेली असेल. आली ती पातेलं घेऊन. भिजवलेले तांदूळ होते त्यात."

मी रिम्माकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही.

"आदल्या रात्री भिजत घातले होते म्हणे. आज धाकटी वर्षाची होते म्हणे. बाई, म्हटलं, शहर पडतंय. तर ती म्हणते, दुपारच्या आत झालं पाहिजे. वेड लागलं असं वाटलं आम्हाला. तिनं गल्लीतच तीन विटा मांडून भात उकडला. मग तो कुटायचा असतो. तिची फळी आत राहिली, मोगरी आत राहिली. चांभारानं आपली ओंडकी आणली, लाकडी हातोडा आणला. त्यानं कुटला, न्हाव्यानं कुटला, माझ्या नवऱ्यानं कुटला. मधेच जमीन हलायची, सगळे किंचाळायचे, ओल्गा ओरडायची, थांबू नका! आमच्या घराचं दार निखळलं होतं. ते विटांवर आडवं टाकलं. झालं टेबल."

"चव कशी होती?" रिम्मानं विचारलं.

"पांढरं, चिकट, वरून भाजलेल्या डाळीची तांबूस पूड. दातांना असं धरायचं की बोलता यायचं नाही. आणि कचकच लागायची, भिंतीचा चुना पडला होता त्यात. मी दोनदा मागून घेतलं. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. गल्लीतल्या चाळीसेक माणसांचा त्या दिवशीचा तो पहिला घास."

"आणि पोरीनं काय उचललं?"

"आधी दोरा. मग कात्री. ओल्गाची कात्री ढिगाऱ्याखाली, म्हणून न्हाव्यानं आपली ठेवलेली. पोरगी सोडेना. न्हाव्याचा जीव खालीवर, त्याची तेवढी एकच जर्मन कात्री वाचली होती. शेवटी ओढून घेतली, तशी पोरीनं असा गळा काढला, की सगळी गल्ली हसली. त्या दिवशी तेवढंच हसलो आम्ही."

रिम्मानं पेला खाली ठेवला. मला वाटलं आता ती सांगेल. पण ही बाई कोशिंबिरीत मीठसुद्धा दोनदा चाखून घालते. तिनं विचारलं, "तेव्हा वाजले किती होते?"

"घड्याळं कुणाची चालू होती?"

"दुपार झाली होती का?"

"माझी पाळी बाराची होती," नैल्या-आपा ताठ बसून म्हणाली. "ट्राम चालो न चालो, डेपोत हजेरी लावायचीच. मी खाल्लं, हात धुतले, चालत गेले आणि वेळेवर पोहोचले. एकोणतीस वर्षं नोकरी केली, एक दिवस उशीर नाही. विचार डेपोत कुणालाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "नंतर आम्हाला इथं घर मिळालं. ओल्गाला कुठं मिळालं कोण जाणे. फार बारीक होती गं ती पोर. जगली का, कुणाला विचारणार?"

"जगली," रिम्मा म्हणाली.

तेवढंच म्हणाली, आणि मग उठून म्हातारीच्या गुडघ्यांशी बसली. म्हातारीनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं. सून चहा ओतायला आली होती, ती तशीच किटली घेऊन परत गेली.

आता प्रश्न क्लाराचा होता. क्लारा भूकंपाच्या वेळी अकरा वर्षांची होती, म्हणजे तिला सगळं माहीत असणार. ही बाई गणिताची शिक्षिका होती, आता सत्तरीत आहे, पण अजून समोरच्याला उभं करून प्रश्न विचारते. दर बुधवारी ती बहिणीकडे बाजारात येते. त्या बुधवारी रिम्मानं तिला स्टूलसुद्धा दिलं नाही.

"मेज झालं होतं," रिम्मा म्हणाली.

क्लारानं हातमोजे काढले, घड्या केल्या, पिशवीत ठेवले. "कुणी सांगितलं?"

"नैल्यानं. ट्रामवाली."

"ते मेज नव्हतं. दार होतं."

"क्लारा!"

"दार होतं, विटांवर. बाबा नव्हते. एकही कोरियन माणूस नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजी गावाहून आली, आईनं तिला सांगितलं, तर आजी म्हणाली, आपलं वडीलधारं कुणी बसलं नाही त्याला मेज म्हणत नाहीत. हे धरायचं नाही. मी समोर उभी होते. आजी बोलली की विषय संपला."

मी तोपर्यंत गप्प होते. माझ्या मानानं ते फार झालं होतं. "म्हणजे चाळीस माणसं जेवली ती कोण?" मी म्हटलं. "चांभार, न्हावी, तातार, उझबेक, आम्ही सगळे कोण? गाढवं चरून गेली त्या दारावर?"

"ओपा, सुरी खाली ठेवा," रिम्मा म्हणाली.

हातात सुरी होती हे माझ्या लक्षातच नव्हतं. ठेवली. समोरचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं होतं.

"आई काय म्हणाली आजीला?" रिम्मानं विचारलं.

क्लारानं पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

"क्लारा. आई काय म्हणाली?"

"म्हणाली, ज्यांनी खाल्लं त्यांना विचारा."

"आणि तू मला साठ वर्षं सांगितलं नाहीस."

"आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते," क्लारा म्हणाली. "तू चार वर्षांची. बाबा शेतावर. तुला वाढवायचं कसं मला काय माहीत? मला नियम माहीत होते, तेवढेच. ते सोडले असते तर माझ्याकडे दुसरं काय होतं?" तिनं पिशवीतून हातमोजे पुन्हा काढले आणि उलटे घातले. "मला वाटलं, चुकीचं मेज मानलं तर तुलाच काही होईल."

रिम्मानं तिला कोशिंबिरीचा नेहमीचा डबा बांधून दिला. क्लारा तो घेऊन गेली. मग रिम्मानं आर्तुरला फोन लावला, मोठ्या आवाजावर, आणि म्हणाली, "हॉल पक्का कर. शंभराचे दीडशे कर. बाजार येणार आहे."

सव्वीस एप्रिलला मी नवा रेशमी झगा घातला. एर्गाशही आला, टोपी सरळ करून. त्याला मी दारातच बजावलं की तोंड फक्त खायला उघडायचं. मेज मात्र बघण्यासारखं होतं. कोंबड्या अख्ख्या, फळांचे मनोरे, मिठाया, आणि मधोमध चिकट भाताच्या लोळ्यांचं ताट, वर तांबूस पूड. रिम्मा हिरव्या कोरियन झग्यात बसली होती. पस्तीस वर्षं मी तिला ॲप्रनमध्ये पाहिलेलं. क्षणभर ओळखू आली नाही.

त्यांच्यात मुलं आईला तीनदा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार करतात आणि पेला देतात. पण त्याआधी, साठीच्या माणसाचे आईबाप जिवंत असतील, तर त्याला त्यांच्या पाया पडावं लागतं. सूत्रसंचालन करणारा मुलगा म्हणाला, "आईवडील हयात नाहीत, तेव्हा आता चिरंजीव आर्तुर..."

"थांब," रिम्मा म्हणाली आणि उठली.

नैल्या-आपा माझ्याशेजारी, मागच्या टेबलावर होती. रिम्मानं तिला दंडाला धरून उठवलं, पावलापावलानं पुढं नेलं आणि मेजापाशी, वडीलधाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं. पेला भरला.

"मला चालत नाही, गोळ्या चालू आहेत," म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"नुसता हात लावा."

तिनं हात लावला. रिम्मा मागं सरकली आणि खाली वाकली, कपाळ जमिनीला टेकवलं. एकदा. कोरियन म्हाताऱ्यांच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. तातार बाई? आईच्या जागी? दुसऱ्यांदा वाकली. तेवढ्यात त्या टेबलावरून क्लारा उठली. मला वाटलं आता ही थांबवणार, आणि मीही उठले. आज सुरी नव्हती, पण मी उठले.

क्लाराचे गुडघे वाईट आहेत. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ती पुढं आली, बहिणीशेजारी पोहोचली, आणि आर्तुरचा हात धरून हळूहळू खाली बसली. मग दोघी मिळून वाकल्या. कुजबुज बंद झाली.

नैल्या-आपा दोघींकडे पाहत राहिली. मग तिनं बोट क्लाराकडे केलं.

"ही मोठी ना? अगं, हीच ती. एवढीशी होती, कडेवर बहीण आणि हातात ताट. त्या दिवशी सगळ्या गल्लीला हिनंच वाढलं." ती मेजाकडे वळली. तिनं ताटातून एक लोळी उचलली, चिकट, तिच्या बोटांना लागून आलेली. "सगळ्यांनी खाल्लं आणि हिलाच राहिलं नाही. हिच्या आईला ते फार लागलं होतं. मला म्हणाली, नैल्या, माझ्या मोठीला काही उरलं नाही गं."

क्लारानं मान वर केली. म्हातारीनं ती लोळी तिच्या तळहातावर ठेवली. क्लारानं ती तिथंच, खाली बसल्या बसल्या, खाल्ली.